कीमोत केस जायच्या आधी विग कसा निवडायचा, इंदूरच्या उन्हाळ्यात सहा महिने घालून जे कळलं ते

मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या नणंदेचा फोन आला, सोमवारी तिची पहिली कीमो आहे आणि विगचं काय करू हे तिला विचारायचं होतं, आम्ही पाऊण तास बोललो तरी निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आता बसून सगळं लिहूनच काढतेय. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, इंदूरात लोकमान्य नगरला राहणारी घर सांभाळणारी बाई आहे. ब्रेस्ट कॅन्सरसाठी माझ्या सोळा कीमो झाल्या, आधी तीन-तीन आठवड्यांनी चार आणि मग दर आठवड्याला एक अशा बारा, संक्रांतीनंतर सुरू झाल्या त्या जूनच्या शेवटी संपल्या. त्या काळात मी दोन विग घेतले, पहिला चुकला, दुसरा जमला. पहिला चुकला कारण तो मी दुकानातल्या आरशात बघून घेतला. माझा दिवस कसा जातो, गॅसपुढे किती वेळ, ॲक्टिवावर किती वेळ, मे महिन्यात आमच्या वरच्या खोल्या किती तापतात, याचा विचारच केला नव्हता. तुम्ही तो आधी करा, बाकीचं मग आपोआप ठरत जातं.

आधी डॉक्टरांना नीट विचारून घ्या

सगळ्या कीमोत केस जातातच असं नाहीये. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात, केसांच्या मुळातल्या पेशी पण तशाच भराभर वाढणाऱ्या, म्हणून त्याही सापडतात, पण प्रत्येक औषधाचा जोर वेगळा. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल रंगाचं, मग पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, यांच्यात बहुतेक सगळे केस जातात. काही औषधांत नुसते विरळ होतात आणि पूर्ण विगची गरजच पडत नाही. रेडिएशनमध्ये जिथे शेक देतात तिथलेच केस जातात, छातीला शेक असेल तर त्याने डोक्यावरचे जात नाहीत. म्हणून नुसतं "केस जातील का" असं विचारू नका, "माझ्या औषधाने पूर्ण जातील की विरळ होतील, आणि साधारण कितव्या दिवशी" असं विचारा. काही मोठ्या हॉस्पिटलांत कीमो चालू असताना डोक्यावर गार टोपी लावायची सोय असते, गारव्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. ती पहिल्या कीमोपासूनच लावावी लागते, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही आणि ब्लड कॅन्सरवाल्यांना देत नाहीत, पण विचारायचं असेल तर पहिल्या कीमोच्या आधीच विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

केस साधारण दोन ते तीन आठवड्यांनी जायला लागतात. माझे सतराव्या दिवशी. त्याच्या दोन दिवस आधी डोकं दुखायला लागलं, आतून नाही, वरून, दिवसभर घट्ट वेणी घालून संध्याकाळी सोडली की मुळं दुखतात न, अगदी तसं. मग सकाळी उशीवर केस, मग न्हाणीच्या जाळीवर मूठभर. म्हणजे तुमच्याकडे फार दिवस नसतात. आणि पहिल्या कीमोनंतर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा राजवाड्याच्या बाजारात गर्दीत जाऊन दुकानं पालथी घालणं बरं नाही, कोण कुठे खोकतंय काही भरवसा नसतो. म्हणून विग बघायचं काम पहिल्या कीमोच्या आधीच करून टाका. आणखी एक कारण आहे, केस डोक्यावर असताना गेलात तर रंग जुळवता येतो, तुमचा भांग कुठून पडतो, समोरून केस कुठे सुरू होतात हे दुकानदाराला दिसतं, नंतर नुसता फोटो दाखवून ते जमत नाही. फोटोही काढून ठेवा तरी, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून, घराबाहेर उजेडात.

केस कापायचं

माझी वेणी कमरेपर्यंत होती. एकदम सगळं जाताना बघण्यापेक्षा मी पहिल्या कीमोच्या आदल्या दिवशी मानेपर्यंत कापून घेतले, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावून मग कापली म्हणजे केस एका दिशेने राहतात, विस्कटत नाहीत. ती वेणी मलमलच्या कपड्यात गुंडाळून ठेवली. कोणाला स्वतःच्याच केसांचा विग करून हवा असतो, पण एका पूर्ण विगला एकीचे केस बहुतेक पुरत नाहीत आणि बनायला कितीतरी आठवडे लागतात. हो, त्याच केसांची झालर स्कार्फच्या टोपीला आतून शिवून देणारे असतात, ती मधून उघडी असते, डोक्याला हवा लागते आणि पदराखालून किंवा स्कार्फखालून आपलेच केस दिसतात. हे मला उशिरा कळलं, आधी कळलं असतं तर तेच केलं असतं.

केस गळायला लागले की उरलेले ट्रिमरने काढून टाका, वस्तरा अजिबात नको. तेव्हा छोटी चीर पडली तरी इन्फेक्शनची भीती आणि प्लेटलेट कमी असतील तर रक्त लवकर थांबत नाही.

इथे घरातल्या मोठ्यांबद्दल एक सांगते. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आईच म्हणते, विगचं काही वाटलं नाही पण डोकं पूर्ण उतरवायचं म्हटल्यावर त्या देवघरात जाऊन बसल्या, बाहेरच येईनात. मला आधी राग आला, माझे केस जातायत आणि समजूत मी यांची काढू का. मग रात्री त्याच माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी आलवणात होती गं. दर पंधरा दिवसांनी न्हावी यायचा, आम्हा पोरींना आत पाठवायचे. तुझ्याकडे बघून तेच आठवतं." आलवण म्हणजे पूर्वी विधवांचं डोकं उतरवून त्यांना नेसायला लावायचे ते लाल लुगडं. मला काय बोलावं कळेना. पण दुसऱ्या दिवशी नवरा ट्रिमर चालवत होता तेव्हा मागे उभं राहून केस टॉवेलवर झेलत होत्या त्या आईच, आणि नंतर डोक्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं तेही त्यांनीच. तुमच्याही घरी कोणी असं गप्प झालं तर त्यांना आधी बसवून सांगा, की केस परत येतात, औषध संपलं की येतात. एकदम टक्कल दाखवू नका. मुलांचंही तेच. माझ्या चौथीतल्या मुलीला मी विग आधी हातात दिला, तिने तो दोन दिवस बाहुलीला घातला, विंचरला, त्यामुळे माझ्या डोक्यावर बघून ती दचकली नाही.

माप

शिवणकामाची टेप घ्या, केस चपटे करून मागे घट्ट बांधा. तीन मापं लागतात. एक, कपाळावर केस जिथे सुरू होतात तिथून कानांच्या वरून मागे मानेच्या खळगीपर्यंत पूर्ण घेर. दोन, कपाळापासून डोक्यावरून मागे मानेपर्यंत. तीन, एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत. आपल्याकडच्या बायकांचा घेर बहुतेक साडेएकवीस ते साडेबावीस इंचांमध्ये बसतो, त्याला दुकानदार मीडियम म्हणतो. लक्षात ठेवा की केस गेल्यावर हाच घेर थोडा कमी होतो, म्हणून मागे मानेजवळ हुक किंवा वेल्क्रोच्या पट्ट्या असलेलाच विग घ्या, त्या ओढून घट्ट करता येतात. दाट केसांवर अगदी बरोबर बसलेला विग दोन आठवड्यांनी कानावर उतरून येतो.

सिंथेटिक की खरे केस

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुकानदार एकदम खऱ्या केसांकडे नेतो कारण त्यात पैसा आहे. मला २५ पासून ४० हजारांपर्यंत भाव सांगितले. खऱ्या केसांचा विग सुंदर असतो यात वाद नाही, आपल्या देशातून तर बाहेर देशांत जातात हे केस, तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो हे सगळ्यांना माहीतच आहे. त्यात रेमी म्हणतात ते चांगलं, सगळ्या केसांची मुळं एका बाजूला असतात त्यामुळे गुंता कमी होतो. पण हा विग जड असतो, धुतल्यावर आपल्या केसांसारखाच परत सेट करावा लागतो, पावसाळ्यात फुगतो. कीमोच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिथे पाण्याचा ग्लास उचलवत नाही तिथे ड्रायर घेऊन कोण बसणार. नीट ठेवला तर वर्ष-दीड वर्ष टिकतो हे खरं, पण आपल्याला सहसा तेवढा लागतच नाही.

सिंथेटिक हलका, धुवून झटकला की परत आहे त्या आकारात, आणि खूपच स्वस्त. रोज घातला तर चार-सहा महिन्यांत टोकं खराब होतात, आणि आपलं काम साधारण तेवढंच असतं. त्याचा एकच शत्रू, उष्णता. माझा पहिला विग असाच गेला. २८०० रुपयांचा, खांद्याखालपर्यंत लांब, समोर कपाळावर बटा. घेऊन बारा दिवस झाले होते, संध्याकाळी वरणाला फोडणी द्यायची म्हणून कढल्यावर वाकले, मोहरी तडतडली, हिंग टाकला, वास वेगळाच आला. हात लावला तर समोरची बट कडक, झाडूच्या हिरासारखी. जळाली पण नव्हती, नुसती वितळून चिकटली होती, आणि ती परत कशानेच सरळ होत नाही, कापूनच टाकावी लागते. कुकरची वाफ, ओव्हनचं दार, इस्त्री, ड्रायर, सगळ्याने हेच होतं. दुकानात बदलून मागायला गेले तर "मैडम, विग का एक्सचेंज नहीं होता" म्हणाला, आणि हे घेताना मात्र सांगितलं नव्हतं. त्याने मागच्या बाजूचा गुंता सोडवून दिला असता तरी मला बरं वाटलं असतं. तुम्ही घ्यायच्या आधीच विचारा की घरी नेऊन एकदा, डोक्याला आधी पातळ जाळी घालून त्यावर, घालून बघितला तर परत घेता का, आणि बिलावर लिहून घ्या.

तर नियम असा की गॅसपुढे विग काढायचा आणि सुती टोपी घालायची, स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला एक टोपी कायम टांगलेली ठेवा. आरती करताना, निरांजन ओवाळताना, दिवाळीत फटाक्यांजवळ पण जपा. स्वयंपाकाचा रगाडा तुमच्यावरच असेल आणि सारखं काढ-घाल होणार नसेल तर मग विग फक्त बाहेर जायला, असं ठरवूनच स्वस्तातला घ्या.

खरा म्हणून कोणी सिंथेटिक विकत तर नाही ना हे बघायला आतून एक केस मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने जाळून बघा. खरा केस जळून राख होते, बोटाने चुरगळते, आणि जळक्या केसाचा तोच ओळखीचा वास. सिंथेटिक वितळून गोळी होते, कडक. जो दुकानदार केस द्यायला नाही म्हणेल त्याच्याकडे खऱ्या केसांचा विग घेऊच नका.

आतली टोपी उलटी करून बघा

विग घेताना सगळे वरून बघतात. उलटा करून बघा, कारण जे तुमच्या कातडीला लागणार ते आत आहे, आणि केस गेलेल्या डोक्याची कातडी फार हळवी होते, एक शिवण पण टोचते. स्वस्तातल्या विगमध्ये मशीनने शिवलेल्या केसांच्या पट्ट्या असतात, पट्ट्यांच्या मधे मोकळी जागा म्हणजे हवा खेळते, पण पट्ट्या खरखरीत. मोनोफिलामेंट म्हणजे वरच्या भागाला पातळ जाळी, तिच्यात एकेक केस ओवलेला, त्यामुळे भांग खऱ्या कातडीसारखा दिसतो आणि हवा तिकडे पाडता येतो. लेस फ्रंट म्हणजे कपाळाजवळ बारीक जाळी, केस तिथूनच उगवल्यासारखे दिसतात. पूर्ण हाताने बांधलेला सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. माझा दुसरा विग वरून मोनो आणि समोर लेसवाला सिंथेटिक होता, ९५०० ला पडला, पलासियाकडच्या एका पार्लरवाल्या ताईंनी मागवून दिला, आणि पैसे कुठे घालायचे असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते, खऱ्या केसांवर नको, आतल्या चांगल्या टोपीवर घाला. विशेष म्हणजे आपण कपाळाला टिकली, भांगात कुंकू लावतो, बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. भांग खरा दिसला की बाकी कोणी निरखून बघत नाही.

दुकानात

एकट्या जाऊ नका. नवऱ्याला नेलंत तर तो "छान आहे" म्हणतो आणि घड्याळाकडे बघतो, म्हणून बहीण, जाऊ, मैत्रीण, जी तोंडावर खरं सांगेल ती न्या. माझी धाकटी जाऊ आली होती दुसऱ्या वेळी, तिने तीन विग घातल्याबरोबर "नको" म्हटलं आणि चौथ्याला काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली, तेव्हा मला कळलं.

घालून झाल्यावर आरशासमोर बसून राहू नका. वाका, मोठ्यांच्या पाया पडतो तसं खाली वाकून नमस्कार करा. डोकं जोरात हलवा. खाली ठेवलेली पर्स उचला, दोन्ही हात वर करून दांडीवर कपडे टाकतो तसं करा. सरकला, कपाळावर आला, मागून उचलला गेला तर नको. मग निदान अर्धा तास डोक्यावर ठेवा, दुकानात बसून चहा प्या, दुसरे बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच विग मऊ लागतात, कानामागे टोचायला वेळ लागतो. आणि दुकानाच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, दाराबाहेर उन्हात या आणि बरोबरच्या बाईला सगळ्या बाजूंनी फोटो काढायला सांगा.

रंगाचं म्हणाल तर आपले केस काळे म्हणतो पण उन्हात बघा, बहुतेकींचे गडद चॉकलेटी दिसतात. विगमध्ये १ नंबर म्हणजे कुळकुळीत काळा, तो चेहऱ्यावर रंगवल्यासारखा दिसतो, त्यात कीमोने चेहरा उतरलेला असतो मग अजूनच. १बी म्हणजे नैसर्गिक काळा किंवा २ म्हणजे गडद तपकिरी, यातलाच बघा, शंका आली तर अर्धी छटा फिका घ्या. पन्नाशीच्या पुढे असाल आणि थोडे पांढरे असतील तर पांढरे मिसळलेले विगही मिळतात, मागवावे लागतात. केस फार दाट नकोत. डेन्सिटी टक्क्यात सांगतात, जितकी जास्त तितकं डोकं मोठं आणि गरम, कमीतली मागा. समोरून फार दाट वाटला तर पार्लरमध्ये थोडा पातळ करून मिळतो, पण विगला कात्री लावायची सवय असलेल्या बाईकडेच करा, चुकून कापलेलं परत वाढत नाही. नवीन सिंथेटिक चमकतो फार, थोडी टाल्कम पावडर ब्रशने लावून झटकली की चमक मरते.

लांबी खांद्याच्या वर. मला माहिती आहे, लांब वेणीवालीला हे ऐकायला नको वाटतं, माझ्या आजीचं गंगावन आठवतं मला, लग्नकार्यात अंबाड्यात घालायची, आम्हा मुलींना केवढं कौतुक होतं त्याचं. पण लांब विग पाठीला, ब्लाउजच्या गळ्याला घासतो आणि मानेजवळ असा जटा होतो की विंचरताच येत नाही. सणाला अंबाडा हवाच असेल तर छोट्या विगला मागे वेगळा अंबाडा पिनने लावता येतो, वर गजरा, कोणाला कळत नाही. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा मी हेच केलं होतं.

चिकटवायचं काही नाही

हे ठळक लक्षात ठेवा. आपल्याकडे हेअर पॅचची दुकानं खूप झालीयत, मुख्य करून पुरुषांसाठी, तिथे टेपने किंवा गोंदाने डोक्याला चिकटवून देतात, महिनाभर बघायला नको म्हणतात. कीमो चालू असताना डोक्याला गोंद, टेप काही लावू नका, कातडी सोलून निघते आणि आत घाम साचतो. क्लिपवाले टॉपर, म्हणजे डोक्याचा फक्त वरचा भाग झाकणारे, ते पण नकोत, क्लिप अडकवायला केस लागतात. विग घसरू नये म्हणून मखमली किंवा सिलिकॉनचा बँड मिळतो, तो कपाळापासून मानेपर्यंत बांधून वर विग घालायचा. खाली पातळ सुती किंवा बांबूच्या कपड्याची टोपी, दोन-तीन घ्या, रोज धुवा. मला सिलिकॉनने पुरळ आलं, मखमलीने नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं.

इंदूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये इथे ४२ पर्यंत पारा जातो आणि विग म्हणजे डोक्यावर लोकरी टोपीच. दुपारी १२ ते ४ मी घालायचीच नाही, घरात ओला सुती पंचा पिळून डोक्यावर, बाहेर जायचंच तर मलमलचा स्कार्फ. बाहेर पडाल तेव्हा डोकं झाकलेलंच हवं, केस नसलेली कातडी उन्हाने लवकर भाजते. आपल्या इंदूरच्या मुली ॲक्टिवावर जो दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळतात न, तो या दिवसांत फार कामाचा, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. हेल्मेटखाली विग घालू नका, मागच्या बाजूला घासून गुंता होतो आणि हेल्मेट काढताना सगळंच हातात येतं, माझं तसं कीमोच्या पार्किंगमध्ये झालं होतं आणि मी गाडीवरच बसून रडले. तेव्हापासून स्कार्फ आणि हेल्मेट घालून जायची, विग पिशवीत, पोचल्यावर बाथरूममध्ये घालायची.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा अख्खं शहर रंगात असतं, त्या दिवशी मी घरातूनच बाहेर पडले नाही, विगपेक्षा गर्दीच्या आणि इन्फेक्शनच्या भीतीने, आणि तुम्हालाही तेच सांगीन. पण गॅलरीत सुद्धा उभं राहायचं असेल तर जुना स्कार्फ बांधा, सिंथेटिकवर पक्का रंग बसला की निघत नाही.

धुणं

आठ-दहा वेळा घातल्यावर एकदा, उन्हाळ्यात त्याच्या आधीच. विंचरून घ्या आधी, टोकांपासून वर, मोठ्या दातांच्या फणीने. बादलीत गार पाणी, झाकणभर सौम्य शॅम्पू, विग बुडवून पाच मिनिटं ठेवा, चोळू नका, पिळू नका. बोरिंगच्या खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, म्हणून नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी धुवायची मी. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत ठेवा, उन्हात नाही. स्टँड नसेल तर उंच डबा उपडा ठेवून त्यावर ठेवा, माझा तर साखरेच्या डब्यावर वाळायचा. सिंथेटिक ओला असताना विंचरायचा नाही. रात्री काढूनच झोपायचं, आणि उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, उघड्या डोक्याला सुती पण टोचतो त्या दिवसांत.

भुवया

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दर आठवड्याच्या त्या बारा कीमोंमध्ये, सहाव्या-सातव्याला, माझ्या भुवया आणि पापण्या गेल्या आणि विग चांगला असूनही चेहरा अनोळखी वाटायला लागला. केस असतानाच भुवयांचा जवळून फोटो काढून ठेवा, मग तपकिरी पेन्सिलने तसेच छोटे छोटे फटकारे ओढता येतात. टिकली थोडी मोठी लावा, नजर तिकडे जाते. काजळ बोटाने लावू नका, डोळे नाजूक असतात तेव्हा.

पैसे नसतील तर

विग हवाच असं काही नाही. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, देवासकडच्या, सुती साडीचा पदर डोक्यावरून घ्यायच्या, बस, आणि फार छान दिसायच्या. जुन्या सुती साडीचे चौकोन कापून स्कार्फ करा, नवीन घेऊ नका, वापरून मऊ झालेला कपडाच बरा, रेशमी स्कार्फ घसरतो. आणि दान केलेल्या केसांचे विग गरजू पेशंटना मोफत देणाऱ्या संस्था आहेत, मुंबईची मदत ट्रस्ट हे काम करते. इंदूरचे कितीतरी जण अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटा हॉस्पिटलात जातातच, जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागात विग कुठे मिळेल हे विचारा, लाजू नका. इथल्याही हॉस्पिटलात नर्सला विचारा, कीमोच्या वॉर्डातल्या नर्सना कोणाकडे विग पडून आहे हे बरोबर माहिती असतं.

पुरुषांना विग लागत नाही असं सगळे धरून चालतात. आमच्या कॉलनीतल्या एका काकांना फार त्रास झाला याचा, बँकेत काउंटरवर बसायचं असायचं, त्यांनी शेवटी साधा सिंथेटिक घेतला. त्यांनाही कोणीतरी विचारा.

केस परत आल्यावर

औषध संपल्यावर एक ते तीन महिन्यांत केस दिसायला लागतात, आधी लव, मग खरे, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. डोसेटॅक्सेलमध्ये क्वचित पूर्ण येत नाहीत, तेही आधी विचारून घ्या. माझं औषध जूनच्या शेवटी संपलं तर गणपतीपर्यंत अर्धा-पाऊण इंच केस आले होते आणि कुरळे, जे माझे जन्मात नव्हते. मेंदी, डाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गणपतीच्या आरतीला मी विग न घालता उभी राहिले, आईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत.

विग फेकू नका. माझा दुसरा विग मी धुवून, मागच्या पट्ट्या पूर्ण सैल करून, कीमोच्या वॉर्डातल्या नर्सकडे दिला. आतली सुती टोपी आणि बँड देऊ नका, ते प्रत्येकीने नवीन घ्यावं. बरोबर एका चिठ्ठीवर लिहून द्या की सिंथेटिक आहे, गॅसपुढे काढायचा, गार पाण्यात धुवायचा, कधी घेतला. मी हिंदीत लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात, आणि गॅसच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.